होडीचे इंजिन आणि कार्ब्युरेटरची सुई

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तिच्यात नळाच्या तोंडाशी, दांडीला लावलेला एक पोकळ गोळा असतो. टाकी भरत आली की गोळा वर उचलला जातो, दांडी नळाचे तोंड दाबते आणि पाणी थांबते. गोळ्याला भोक पडले, किंवा तोंडाशी वाळूचा कण अडकला, की टाकी वाहू लागते. शेजारी हाका मारतात, आपण जिना चढतो. नुकसान होते ते बादली-दोन बादल्या पाण्याचे. आज मी ज्या बिघाडाविषयी बोलणार आहे तो नेमका हाच आहे. मात्र ही टाकी मुठीत मावेल एवढी आहे, तिच्यात पाण्याऐवजी पेट्रोल आहे, आणि ती एका होडीच्या पोटात, तापलेल्या इंजिनाला चिकटून बसवलेली आहे.

या छोट्या टाकीला आणि तिच्या भोवतीच्या रचनेला कार्ब्युरेटर म्हणतात. जुनी मोटारसायकल ज्यांनी वापरली आहे, किंवा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप ज्यांच्या पाठीवर असतो, त्यांना हे नाव परके नाही. ‘कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतोय’ हे वाक्य त्यांनी गॅरेजात शंभरदा ऐकले असेल. रस्त्यावरच्या गाडीचे पेट्रोल असे वाहिले तर ते जमिनीवर ठिबकते आणि वाऱ्याबरोबर उडून जाते. होडीचे तसे नाही. होडी म्हणजे पाण्यावर तरंगणारे भांडे. पाणी आत येऊ नये म्हणून तिच्या तळाला भोक ठेवलेले नसते, तेव्हा आत सांडलेले बाहेर जायलाही वाट नसते. त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी तळाशी उतरते आणि फळ्यांखाली साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असले की एक ठिणगी पुरते. रॉकेलचे भांडे नुसते उघडे राहिले तर साध्या हवेत सहसा एवढी वाफ होत नाही. पेट्रोल मात्र शून्याखाली ४० अंश थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणून गाडीत जो नुसता त्रास असतो, तो होडीत जिवावरचा प्रसंग होतो.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाचा मास्तर या भानगडीत कशाला पडला? कारण असे की या एवढ्याशा टाकीत दोन हजार वर्षांचा इतिहास भरलेला आहे.

भांड्यातला द्रव आपोआप एका पातळीवर राखायचा, ही युक्ती इंजिनापेक्षा पुष्कळच जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाचा कारागीर-पंडित होऊन गेला. त्याने पाण्याची घड्याळे केली. घड्याळ बरोबर चालायचे तर पाण्याची धार दिवसभर सारखी पडली पाहिजे, आणि धार सारखी राहायची तर वरच्या भांड्यातली पातळी सारखी राहिली पाहिजे. त्यासाठी त्याने पाण्यावर तरंगणारा शंकूच्या आकाराचा तुकडा वापरला असे जाणकार मानतात. पाणी चढले की तो तुकडा वरच्या नळीच्या तोंडात जाऊन बसायचा. पुढे नवव्या शतकात बगदादमधल्या बनू मूसा या तिघा भावांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात अशा तरंगत्या झडपा वापरल्या. १२०६ साली अल्-जझारी याने ग्रंथ पुरा केला. त्यातल्या पाणघड्याळात तर तरंगता डबा आणि त्याच्या डोक्यावर शंकूसारखे बूच अशी जोडी स्पष्टच आहे. हे बूच बारीक करून सुईएवढे केले की कार्ब्युरेटरची सुई झाली.

आपल्याकडे घटका मोजायला घटिकापात्र होते. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात तरंगत ठेवलेली ती तांब्याची वाटी जुन्या माणसांनी पाहिलेली असेल. तिच्या बुडाला बारीक भोक असते. त्यातून पाणी शिरत शिरत चोवीस मिनिटांनी वाटी बुडते आणि घटका भरते. हे पात्र आपण जरा लक्षात ठेवू, कारण पुढे बिघाड शोधताना ते उपयोगी पडणार आहे.

आता इंजिनाकडे येऊ. आतल्या आत स्फोट करून चालणारे इंजिन आधी मोटारीत बसले आणि मग होडीत गेले, असा आपला समज असतो. खरी हकीकत उलटी आहे. फ्रान्समध्ये नीसेफोर आणि क्लोद न्येप्स या दोघा भावांनी असे एक इंजिन केले आणि ते सोन नदीत एका होडीवर बसवून प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवले. १८०७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्यावर सही नेपोलियनची. यातला नीसेफोर म्हणजेच पुढे ज्याने जगातले पहिले टिकाऊ छायाचित्र काढले तो. त्यांच्या इंजिनाचे जळण म्हणजे एका वनस्पतीची अतिशय बारीक, भुरभुरीत पूड. ती हवेत उडवायची आणि पेटवायची. पूड उडवायला पातळी लागत नाही, म्हणून तुंबण्याचा प्रश्नही नव्हता. पण पूड दर वेळी नेमकी तेवढीच उडवणे महाकठीण आणि तिचा खर्चही फार.

पुढची पाऊणशे वर्षे मी सोडून देतो. १८८२ साली गोटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे जर्मन अभियंते एका मोठ्या इंजिन कारखान्यातून बाहेर पडले आणि श्टुटगार्टजवळ कानश्टाट गावी, डाइमलरच्या बागेतल्या काचघरात त्यांनी कामाला सुरुवात केली. दारे बंद आणि रात्रंदिवस ठोकाठोक. ही माणसे खोटी नाणी पाडत असावीत असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलीस आणले, अशी गोष्ट सांगतात. पोलिसांना सापडली ती फक्त यंत्रे.

१८८६ साली या जोडीने आपले छोटे इंजिन सुमारे साडेचार मीटर लांबीच्या होडीत बसवून नेकार नदीवर फिरवले. लोक घाबरले. पेट्रोल म्हणजे तेव्हा औषधांच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायला मिळणारी वस्तू. ती पेट घेते हे साऱ्यांना ठाऊक. अशा वस्तूवर चालणाऱ्या होडीत पाय कोण ठेवणार? तेव्हा डाइमलरने होडीच्या कडेने तारा आणि चिनीमातीचे इन्सुलेटर लावून टाकले. ही होडी विजेवर चालते असे लोकांना वाटले आणि ते निर्धास्त झाले!

ही गोष्ट पुस्तकांतून लोकांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून, हसत हसत सांगितलेली आढळते. मला ते मुळीच पटत नाही. त्या इंजिनात ठिणगीचा प्लग नव्हता. बाहेरून सतत पेटत्या ज्योतीने एक नळी लाल तापवलेली असायची आणि ती मिश्रण पेटवायची. म्हणजे उघडी ज्योत आणि पेट्रोल, दोन्ही एकाच लाकडी होडीत, हातभर अंतरावर. नेकारच्या काठचे लोक अडाणी नव्हते. त्यांची भीती बरोबर होती. आणि ही भीती दूर करण्याचे खरे काम तारांनी आणि इन्सुलेटरांनी झाले नाही. ते कार्ब्युरेटर सुधारल्याने आणि होडीत हवा खेळती ठेवल्याने, पुढे पन्नास-साठ वर्षांत झाले.

त्या वेळचा कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलचे भांडे. त्यातून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि वर जमेल ती वाफ इंजिनाला पाजायची. मायबाखने त्यात तरंगता डबा घातला होता, जेणेकरून पेट्रोल कमी झाले तरी हवेवरचा त्याचा थर सारखा राहावा. पण वाफ थंडीत कमी होई, उन्हात जास्त. यातून सुटका झाली १८९३ साली. पेट्रोलची वाफ होण्याची वाट न पाहता त्याचा फवाराच करायचा ही कल्पना तेव्हा पुढे आली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारीत पेटंट नोंदवले आणि मायबाखने त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये. फुलांवर पाणी फवारणारी एक फूलवाली पाहून बांकीला ही कल्पना सुचली अशी आख्यायिका हंगेरीत आहे. अशा आख्यायिका ऐकाव्यात, मुलांना सांगाव्यात, पण पुरावा म्हणून मांडू नयेत. गोष्ट खरी असो वा नसो, तत्त्व मात्र तेच आहे.

शिक्षक मंडळींना हे तत्त्व वर्गात दाखवता येईल. पेला पाण्याने काठोकाठ भरा. त्यात एक बारीक नळी उभी धरा, तिचे टोक पाण्याच्या वर बोटभर राहू द्या. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी जोराची फुंकर घाला. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब तिथे कमी होतो, पाणी नळीत चढते आणि फवारा होऊन उडते. १७३८ साली बर्नूलीने आणि १७९७ साली व्हेंचुरीने वाहत्या द्रवांविषयी जे लिहिले, त्यावर हे सारे उभे आहे. आता पेल्यातले पाणी अर्धे करा आणि तशीच फुंकर घाला. फवारा बारीक होईल किंवा मुळीच येणार नाही. उलट नळीचे टोक पाण्याच्या पातळीखाली गेले, तर फुंकर न घालताही पाणी नळीतून वर येईल. कार्ब्युरेटरची सारी कथा या पेल्यात आली. पेट्रोलची पातळी फवाऱ्याच्या तोंडाच्या किंचित खाली, केसभर खाली, राहिली पाहिजे. पातळी खाली गेली की इंजिन उपाशी राहते. वर गेली की ते तुंबते. आणि ती राखायला आहेत फक्त एक तरंगता डबा आणि एक सुई. अलेक्झांड्रियातले तेच दोघे.

पण घड्याळ भिंतीशी स्थिर असते आणि होडी डोलते. पाण्याने भरलेला तांब्या कलता करा. काठाशी पाणी एका बाजूला चढते, दुसऱ्या बाजूला उतरते, मध्यावर मात्र जवळजवळ तिथेच राहते. म्हणून पेट्रोलची वाटी फवाऱ्याच्या तोंडाभोवती गोल असेल असा कार्ब्युरेटर होडीला मानवतो. दुसरी खुबी अशी की होडीच्या पुष्कळ इंजिनांत हवा खालून वर ओढणारा कार्ब्युरेटर लावीत. त्यात पेट्रोल वाहिले तर ते इंजिनात न शिरता खाली ठिबकते, आणि खाली ठेवलेल्या तबकडीत दिसते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या युनिव्हर्सल कंपनीचे ‘ॲटॉमिक फोर’ नावाचे इंजिन १९४७ पासून १९८४ पर्यंत निघाले. सुमारे ४० हजार इंजिने शिडाच्या नौकांतून बसली, आणि त्यांतली कित्येक त्यांच्या मालकांनी हौसेने अजून चालू ठेवली आहेत. त्यांचा कार्ब्युरेटर याच प्रकारचा.

कायद्याला जाग यायला वेळ लागला. अमेरिकेचा मोटरबोट कायदा २५ एप्रिल १९४० चा. होडीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर ज्वाळा अडवणारी जाळी असलीच पाहिजे आणि तळाची हवा बाहेर काढण्याची सोय असलीच पाहिजे, असे त्याने ठरवले. डाइमलरच्या होडीनंतर चौपन्न वर्षांनी!

आपल्या कोकणातल्या मोठ्या मच्छीमार नौकांत डिझेल इंजिन असते, आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच. पण लहान होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनांपैकी पुष्कळांना तो असतो. केरळच्या किनाऱ्यावर अशी इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवतात. तेव्हा बिघाड ओळखण्याची आणि दुरुस्तीची रीत सांगायला हवी. ती थोडी सविस्तरच सांगतो.

कार्ब्युरेटर तुंबतो तेव्हा इंजिन काळा धूर सोडते, मंद वेगावर घुटमळते आणि बंद पडते. तापलेले असताना पुन्हा सुरू होत नाही. प्लग काढून पाहावा तर ओला आणि काजळीने काळा. कारण उघड आहे. एक शेर पेट्रोलला सुमारे पंधरा शेर हवा, हे जळण्याचे माप. पेट्रोल त्याहून फार झाले की जळायला हवाच पुरत नाही. पण एवढ्यावरून कार्ब्युरेटर उघडायला बसू नये. चोक अर्धवट बंद राहिला असेल तरी हीच लक्षणे दिसतात. तेव्हा आधी चोक पाहावा. मग इंजिन बंद ठेवून, पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून, पाच-दहा मिनिटे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नजर ठेवावी. इंजिन बंद असताना चोकचा संबंध उरत नाही. तरीही पेट्रोल ठिबकत असेल तर सुई तोंड मिटत नाही, हे ठरले. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच दोन टिचक्या माराव्यात. ठिबकणे थांबले तर सुई किंवा डबा नुसता अडकला होता. इंजिनातले वंगणतेलही पाहावे. पातळी वाढलेली आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगांना सांभाळत नाही. (हाच वास पेट्रोलपंपाचा पडदा फाटल्यानेही येतो, तेव्हा तोही तपासावा.)

आता उघडायचे. कॉक बंद, बॅटरीची तार सुटी, झाकणे उघडून हवा खेळती, विडी-सिगारेट दूर. आणि कार्ब्युरेटर काढून किनाऱ्यावर न्यायचा, होडीत खोलायचा नाही. हा माझा हट्ट समजा हवे तर. वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरावे. तळाशी पाण्याचा थर आहे का, गंजाचे कण आहेत का, जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा साका आहे का, हे सारे तिथे दिसते. कण दिसले तर अर्धे निदान झाले. पण मग दोष सुईचा नसून टाकीचा आणि गाळणीचा आहे, आणि ती साफ न करता नवी सुई घातली तर महिन्याभरात पुन्हा तेच.

सुईचे टोक बोटाच्या नखावर फिरवून पाहावे. झिजलेल्या सुईला टोकापासून थोडे वर गोल वळ पडलेला असतो, नख त्यात अडकते. सुई आणि तिची बैठक ही जोडी एकत्रच बदलायची. जुन्या बैठकीत नवी सुई घालणे म्हणजे झिजलेल्या कुलपाला नवी किल्ली.

मग डबा. तो कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर त्याचे घटिकापात्र झाले आहे. भोकातून पेट्रोल आत शिरले, डबा जड होऊन बुडाला, आणि सुई कायमची उघडी राहिली. भोक सापडत नसेल तर जाळापासून दूर, गरम पाण्याच्या भांड्यात पितळी डबा बुडवावा. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. त्याला झाळण्याचा मोह होतो. पण आत पेट्रोलची वाफ असताना तापता डाग लावणे म्हणजे हातात बाँब धरणे आहे. शिवाय झाळाचा थेंबही वजन वाढवतो, डबा अधिक खोल तरंगतो आणि पातळी चढते. नवा मिळत असेल तर नवाच घालावा. जुन्या इंजिनांत बुचाच्या लाकडाचे, लाखेचा लेप दिलेले डबे असत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२५ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळू लागले, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. असा डबा त्यात टिकणार नाही. हे पेट्रोल पाणीही शोषून घेते, आणि समुद्रावर दमट हवेला तोटा नाही. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या होडीची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

जेटची बारीक भोके हवेच्या दाबाने साफ करावीत, तार घालून नव्हे. १८८८ साली बेर्टा बेंझबाईंनी मानहाइमहून माहेरी जाताना वाटेत मोटारीची तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, हे खरे. पण ती पेट्रोलची नळी होती. जेटच्या भोकाचे माप हेच त्याचे काम. तारेने ते केसभर मोठे झाले की जेट फुकट गेला.

सारे जुळवताना डब्याची उंची पट्टीने मोजून इंजिनाच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढी करावी. सुईवर डबा दाबून जीभ वाकवू नये. नव्या सुईचे टोक तिथेच चेपते. मोजताना पॅकिंगचा कागद जागेवर आहे की काढलेला, हे पुस्तिका सांगते, ते पाहावे. मग झाकण उलटे धरून, डब्याच्या वजनाने सुई मिटू द्यावी आणि पेट्रोलच्या तोंडाला कोरडी रबरी नळी लावून हलकेच फुंकावे. हवा मुळीच जाता कामा नये. डबा बोटाने उचलला की ती जावी.

कार्ब्युरेटर होडीवर परत चढवल्यावर लगेच इंजिन फिरवायचे नाही. कॉक उघडा, वाटी भरू द्या, खाली कोरडा पांढरा कागद ठेवा आणि दहा मिनिटे बसून राहा. कागदावर डाग नसेल, तर तळाच्या फळ्या उचलून नाक खाली नेऊन वास घ्या. वास नसेल, तर पंखा असेल तो चार मिनिटे चालवून तळाची हवा बाहेर काढा, पुन्हा एकदा वास घ्या, आणि मगच चावी फिरवा.